झिपवाल्या काकूंचं फ्रेंच

शुद्धीवर आल्यानंतर काकांच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो ‘दुश्मन’.

काकू त्या वेळी त्यांच्या पायात मोजा चढवत होत्या. वॉर्डात गारठा होता, मोजा टाचेपाशी अडकला होता आणि काकूंनी तो नेहमीच्या घाईने खसकन वर ओढला. काका कळवळले. ओठ वेडेवाकडे झाले आणि आतून तो शब्द आला. एकदा नाही, दोनदा. काकू तशाच उभ्या राहिल्या. पक्षाघाताचा झटका आल्यापासून या माणसाच्या तोंडून आवाज फुटला नव्हता, आणि फुटला तो असा! शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची बहीण गालातल्या गालात हसली, तेव्हा तर काकूंना कुठे तोंड लपवावं ते कळेना.

“मी दुश्मन!” त्या बाहेरच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालत मुलीला फोनवर म्हणाल्या. “सगळं आयुष्य या माणसाच्या मागे पळाले, आणि मी दुश्मन!”

“आई, बाबांना आपण काय बोलतोय ते कळत नसेल गं.”

“मग नेमकं हेच कसं बोलले?”

बाजाराच्या मागच्या गल्लीत, एका जिन्याखाली काकूंचं दुकान होतं. बॅगा, जॅकेटं, दप्तरं, बूट, तंबू, ज्याला म्हणून झिप असेल आणि ती बिघडली असेल ते सगळं त्यांच्याकडे यायचं. शिवाय कपड्यांची बारीकसारीक शिलाई. पाटीवर भलतंच काहीतरी लिहिलं होतं, पण ती पाटी कोणी वाचत नसे. सगळ्यांच्या लेखी त्या झिपवाल्या काकू. पक्कडीने जुना रनर काढायचा, नवा चढवायचा, दातांवर मेणबत्तीचा तुकडा घासायचा आणि दोनदा वरखाली करून वस्तू गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. झिपेशी त्या जितक्या सबुरीने वागत तितक्या माणसांशी वागत नसत. पायाला भिंगरी आणि जिभेला चाक. गिऱ्हाईक “काकू, याचं ना—” म्हणतंय तोवर “अस्तर फाटलंय, उद्या या” असं उत्तर तयार. बसल्या असल्या तरी एक पाय मशीनच्या पायट्यावर हलत असायचा, मग मशीन चालू असो वा बंद.

काका याच्या अगदी उलट. एका मोठ्या कचेरीच्या कँटीनमध्ये मुख्य आचारी म्हणून त्यांनी नोकरी केली, निवृत्त झाले. घरी कधी पळीला हात लावला नाही. घरी आले की चहा, वर्तमानपत्र, खिडकी. शब्दाला महाग माणूस. मुलीचा फोन आला होता म्हटलं तरी “हूं”, वरच्या मजल्यावर चोरी झाली म्हटलं तरी “हूं”. “माझं लग्न एका हुंकाराशी लागलंय,” असं काकू गिऱ्हाइकांना सांगायच्या. गिऱ्हाइकं हसायची. काकूही हसायच्या.

दवाखान्यातली स्पीच थेरपिस्ट काकांना चित्रं दाखवायची. कप, किल्ली, मांजर. काका चित्राकडे बघून काहीतरी पुटपुटायचे. डॉक्टरांनी त्याला ‘असंबद्ध’ असं लिहून टाकलं होतं. पण ही मुलगी चिकाटीची होती. दोन-चार दिवसांनी तिने काकूंना व्हरांड्यात गाठलं.

“काकू, काकांना फ्रेंच येतं का?”

“त्यांना आपलं बोलायचा कंटाळा, फ्रेंच कुठलं?”

“ते मांजराला दर वेळी ‘शा’ म्हणतात आणि किल्लीला ‘क्ले’. मी कॉलेजात मार्कांसाठी फ्रेंच घेतलं होतं. बाकी सगळं विसरले, पण मांजर आणि किल्ली आठवतेय.”

काकू खाली बाकावर बसल्या आणि लगेच उठल्या. होतं, तसं एक होतं. लग्नाआधी काका एका जहाजाच्या भटारखान्यात कामाला होते. मग कुठल्याशा फ्रेंच बोलणाऱ्या बंदरात उतरले आणि तिथल्या एका हॉटेलात काही वर्षं राहिले. वडिलांनी बोलावून घेतलं तसे परत आले, लग्न झालं. त्या वर्षांबद्दल काकूंना इतकंच माहीत होतं. विचारलं तर “हूं, होतो तिकडे.”

“असं समजा,” थेरपिस्ट म्हणाली, “की डोक्यात भाषांची दोन दुकानं आहेत. आपल्या भाषेचं शटर खाली आलंय, त्या दुसरीचं उघडं राहिलंय. असं क्वचित होतं. तुम्ही बोलता ते त्यांना बरंचसं समजतंय. उत्तर तेवढं त्या दुकानातून येतंय.”

“आणि आपलं शटर?”

“उघडेलही. आत्ताच काही सांगता येत नाही.”

घरी आल्यावर काका बोलायला लागले ते थांबेचनात. उजवी बाजू लुळी, ओठाचा एक कोपरा खाली ओघळलेला, तरी बोलणं चालू. काकू चहाचा कप घेऊन आल्या की डावा हात उंचावून “शो दव्हां!” असं ओरडायचे आणि स्वतःच खुदकन हसायचे. खिडकीतून दिसणाऱ्या माणसांकडे बघून काहीतरी शेरे मारायचे, पुन्हा हसायचे, काकूंनीही हसावं म्हणून त्यांच्याकडे बघायचे. काकूंना वाटे, आपल्या घरात कोणी परका माणूस येऊन राहिलाय. बडबड्या, मिश्किल, आणि काकांचे कपडे घालून बसलेला.

मुलगी दुसऱ्या गावाहून आली ती भाषांतर करणारं ॲप घेऊनच. तिने फोन बाबांच्या तोंडासमोर धरला. काका ऐटीत चांगली चार वाक्यं बोलले. फोनने जरा विचार केला आणि वाचून दाखवलं, “बकरी स्टेशनवर रागावली आहे.”

“बकरी कोण, मी?” काकूंनी विचारलं.

काकांच्या अर्धवट जिभेपुढे फोनने हात टेकले. मुलगी सुट्टी संपल्यावर परत गेली. काकूंची मात्र घालमेल थांबेना. सकाळी दुकानात बसलं की वाटायचं, आत्ता ते घरी काय म्हणत असतील? घरी आलं की ते म्हणत असायचेच आणि त्याचा उपयोग नसायचा. आणि या सगळ्याच्या तळाशी एक वेगळाच प्रश्न होता. हा माणूस हसायला कुठे शिकला? कोणाबरोबर?

बस डेपोजवळ टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर परदेशी भाषांचे वर्ग चालायचे. एका संध्याकाळी काकू तिथला जिना चढल्या.

फ्रेंचच्या बाई मुलीपेक्षाही लहान दिसत होत्या. त्यांना कायमची सर्दी असायची, आणि फ्रेंच अर्धं नाकातूनच बोलायचं असल्यामुळे ती खपून जायची. “काकू, हा अगदी सुरुवातीचा वर्ग आहे हं,” त्या जपून म्हणाल्या.

“मग मी काय शेवटाची दिसते?”

वर्गात परदेशी जायला निघालेल्या नर्सेस होत्या आणि हॉटेलच्या कोर्सची एक-दोन मुलं. खालून रबराचा वास यायचा. पहिल्या दिवशी बाईंनी सगळ्यांना नमस्कार कसा करायचा आणि आपलं नाव कसं सांगायचं ते शिकवलं. एकेक जण उठून “झ मापेल” करत होता. काकूंचा पाय बाकाखाली टपटप चालू होता. पाळी आली तशा त्या म्हणाल्या, “बाई, माझं नाव आमच्या यांना ठाऊक आहे हो. मला आधी सांगा, दुश्मन म्हणजे काय?”

“दुश्मनाला एनमी म्हणतात.”

“तसं नाही. ते ‘दुश्मन’ असंच म्हणतात. फ्रेंचमध्ये.”

“कसं म्हणतात? म्हणून दाखवा.”

काकूंनी डोळे मिटले, तोंड काकांसारखं वाकडं केलं आणि नाकातून काढून दाखवलं, “दूसमां.”

बाईंचा रुमाल नाकावरच राहिला. “दूसमां! काकू, दूसमां म्हणजे हळू. सांभाळून. हलक्या हाताने.”

त्या दिवशी पुढचा सगळा तास काकूंनी फळ्याकडे बघितलं, पण दिसत काही नव्हतं. घरी जाताना त्यांचा थांबा मागे गेला आणि त्या भलत्याच थांब्यावर उतरल्या. रात्री काकांच्या पायांतले मोजे काढताना त्यांनी ते आधी बोटांनी सैल केले, मग टाचेवरून सोडवले. काकांनी मान हलवली आणि म्हणाले, “मेर्सी.” आभार मानायचा हा शब्द वर्गात त्याच संध्याकाळी झाला होता.

शिकणं सोपं नव्हतं, आणि काकूंच्या स्वभावाला तर ते मुळीच मानवणारं नव्हतं. शेवटची अक्षरं लिहायची आणि बोलायची नाहीत. “बोलायची नाहीत तर लिहितात कशाला? उगाच दोरा वाया!” तो ‘र’ गुळणी केल्यासारखा घशातून यायचा, आणि एक असा स्वर होता की ओठ ‘ऊ’चे करायचे आणि आतून म्हणायचं ‘ई’. काकू दुकानात मशीनवर बसून तोंडाचा चंबू करून त्याचा सराव करायच्या. एका गिऱ्हाइकाला वाटलं, काकू आपल्याला वेडावतायत. तो जॅकेट घेऊन निघूनच गेला.

लिंगाचा तर वादच झाला. टेबल बाई आणि पुस्तक पुरुष, हे काकूंना पटेना. “टेबल बाई कसं असेल?”

“काकू, आपण नाही का ती खुर्ची आणि तो पलंग म्हणत?” बाई म्हणाल्या. “खुर्चीने काय केलंय बाई व्हायला?”

काकूंनी बाकावर बोटं वाजवली. मग म्हणाल्या, “पण आपण टेबलाला निदान ‘ते’ म्हणून मोकळं तरी सोडतो. यांच्याकडे ‘ते’ नाहीच?”

“नाही. एकतर बाई, नाहीतर पुरुष.”

“फारच धरून ठेवणारी भाषा आहे,” असं म्हणून त्यांनी पुढच्या धड्यावर उडी घेतली. त्यांना सगळं आजच्या आज हवं असायचं. ‘हे काय आहे’ चालू असताना त्या ‘का’ विचारायच्या. ‘का’ आलं की ‘जेव्हा’. झिपेला काय म्हणतात हे त्यांनी विचारलं तेव्हा बाईंना शब्दकोश काढावा लागला. फेर्मत्यूर एक्लेर. म्हणजे विजेसारखं बंद होणारं. “वीज?” काकू म्हणाल्या. “माझ्या हाताखालून गेल्यात त्या सगळ्या गोगलगायी.”

हा शब्द त्यांनी घरी जाऊन काकांना ऐकवला. काकांनी तो दोनदा म्हणायला लावला आणि मग पोट धरून हसत सुटले. “एक्लेर?” त्यांनी डाव्या हाताने हवेत काहीतरी लांबट काढून दाखवलं, त्यावर बोट फिरवलं, बोट चाटलं. काकूंना कितीतरी वेळ कळेना. मग उलगडलं. एक्लेर म्हणजे आत साय भरलेला केक. काकांच्या डोक्यात आपली बायको जॅकेटांना केक शिवत बसली होती. तो केक कसा करतात तेही त्यांनी सांगितलं, एकेक शब्द, हाताने ढवळून, फुंकर मारून. काकूंना त्यातलं निम्मं समजलं. निम्म्यासाठी त्या त्यांच्या तोंडाकडे बघत बसल्या. चहा निवून गेला.

सगळेच शब्द असे नव्हते. काका काठी हातातून सुटली की एक ठराविक शब्द म्हणायचे. काकूंनी तो नीट पाठ करून भर वर्गात मोठ्यांदा विचारला. हॉटेलच्या कोर्सच्या मुलांनी बाकात डोकी घातली. बाई कानापर्यंत लाल झाल्या. “काकू, भटारखान्यात... घाईच्या वेळी... माणसं बोलतात.” काकूंनी तो शब्द पुढे दुकानात वापरायला सुरुवात केली. तो कोणाला कळणार होता?

मग आला ‘व्हू’ आणि ‘त्यू’चा धडा. बाई म्हणाल्या, हे आपल्यासारखंच आहे. मोठ्यांना, परक्यांना व्हू म्हणजे तुम्ही, आणि आपल्या माणसांना त्यू म्हणजे तू. काकूंच्या लक्षात आलं आणि त्या बसल्या जागी ताठ झाल्या.

“ते मला व्हू म्हणतात. मादाम म्हणतात. ‘व्हूझेत झांतीय, मादाम.’ याचा अर्थ काय?”

“तुम्ही फार चांगल्या आहात, बाई.”

वर्ग “अय्या!” म्हणाला. काकूंना हसू येईना. जन्मभर ‘अगं’ आणि ‘ए’ म्हणणारा माणूस आपल्याला ‘तुम्ही’ म्हणतोय म्हणजे त्याने आपल्याला ओळखलेलंच नाही की काय? बाईंनी समजूत घातली. ते तरी काय करणार, तिथल्या बायकांशी तसंच बोलत असतील. मालकीणबाई, गिऱ्हाइकं. बाईमाणसाला म्हणायचं तर व्हू, एवढंच त्यांच्या फ्रेंचला ठाऊक.

तास संपल्यावर काकू मागे थांबल्या. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत त्यांनी विचारलं, “बाई, समजा तिथे एखाद्या बाईला त्यांनी त्यू म्हटलं असतं... तर ते डोक्यात राहिलं असतं ना?”

बाईंनी पुस्तकं आवरायचं थांबवलं. “राहिलं असतं बहुतेक.”

“हं,” काकू म्हणाल्या. जिना उतरताना ‘कोणाबरोबर’ हा प्रश्न उरला नव्हता. पण बसमध्ये बसेपर्यंत दुसरी चुळबुळ सुरू झाली. म्हणजे बाई नव्हती. मग हा माणूस इतका कोणावर खूश होता? कढयांवर? कांद्यांवर? आणि मला यातलं काही का मिळालं नाही?

तरीही ते दिवस बरे होते, हे काकू पुढे कबूल करायच्या. दोघं एकमेकांना व्हू व्हू करत बसायचे. “व्हू” म्हणून काका त्यांना पाणी मागायचे, “व्हू” म्हणून काकू त्यांना गोळ्या द्यायच्या. मुलगी पुन्हा आली तेव्हा बाबांनी तिची नक्कल केली, ती फोनवर कशी बोलते त्याची. हुबेहूब केली. मुलगी आधी हसली आणि मग न्हाणीघरात जाऊन रडली. “आई, हे बाबा नाहीत गं,” ती म्हणाली.

काकूंना तिला काहीतरी उलट सांगायचं होतं. त्यांनी तिला तोंड पुसायला टॉवेल दिला.

त्याच सुमाराला वर्गात ‘आवडतं’ आणि ‘आवडत नाही’ झालं. प्रत्येकाने उभं राहून सांगायचं. नर्सपैकी एकीला समुद्र आवडत होता, मांजरं आवडत नव्हती. काकू उठल्या. येत असलेले शब्द मोजकेच, त्यांतलेच जोडायचे होते. त्या म्हणाल्या, “झेम ल ते.” मला चहा आवडतो. आणि पुढे, जीभ आपोआप वळल्यासारखी, “झ नेम पा कूद्र.”

“शाब्बास,” बाई म्हणाल्या. “मला शिवायला आवडत नाही. पुढे कोण?”

पुढचा कोणीतरी उठला. काकू उभ्याच होत्या. शेजारच्या नर्सने हात धरून खाली बसवलं. हे वाक्य त्यांनी आजवर आपल्या भाषेत कधी म्हटलं नव्हतं. मनातसुद्धा नाही. आईने मशीनवर बसवलं तेव्हापासून शिवत आल्या होत्या; आवडतं का, हा प्रश्नच नव्हता. श्वास आवडतो का असं कोणी विचारतं का? आणि इथे, टायरच्या दुकानावर, परक्या शब्दांत ते फटकन बाहेर पडलं आणि कोणाला काही वाटलं नाही. बाईंनी शाब्बास म्हटलं.

घरी जाऊन त्यांनी ते काकांना सांगितलं. नुसतं धडा म्हणून दाखवतो तसं.

काका बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, “पूर्क्वा?”

का? काकूंनी तोंड उघडलं. फ्रेंचमध्ये सांगण्याइतके शब्द नव्हते. आपल्या भाषेत सांगितलं असतं तर त्यांना समजलं असतं. पण आपल्या भाषेत ते येईना. त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या, ओटा पुसला, पुन्हा पुसला. बाहेर काका वाट बघत होते.

मग एका दुपारी वारा सुटला होता, पडदा फडफडत होता, आणि काका म्हणाले, “खिडकी लाव.”

काकूंनी खिडकी लावली. कडी घातल्यावर त्यांच्या लक्षात आलं. त्या गर्रकन वळल्या. काकांचाही चेहरा दचकल्यासारखा झाला होता. “खिडकी,” ते पुन्हा म्हणाले. “खिडकी. लाव.”

थेरपिस्टने टाळ्या वाजवल्या. मुलगी फोनवर रडत रडत “आणखी बोला, बाबा, आणखी बोला” म्हणत राहिली. शेजारपाजारचे येऊन गेले. चहा, पाणी, चष्मा, नको, पुरे. एकेक शब्द परत येत गेला. सगळे काकूंना म्हणाले, जिंकलात हो. काकूही हसून म्हणाल्या, हो ना.

पण ‘लाव’ म्हणजे ‘तू’. मादाम गेल्या. आणि शब्द जसे परत आले तसा त्यांच्यामागून तो जुना हुंकारही आला. चहा नेला की आता “शो दव्हां!” ही ‘गरम येतंय, सरका!’ अशी भटारखान्यातली आरोळी नव्हती. काकू मुद्दाम कप उंच धरून यायच्या. काका कपाकडे बघायचे, घ्यायचे, खिडकीकडे वळायचे. त्यांनी एकदा फ्रेंचमध्ये विचारलं, आज कसं वाटतंय? काकांच्या चेहऱ्यावर कोणी उघड्यावर कपडे बदलताना पकडावं तसा भाव आला. “बरं,” ते म्हणाले. झालं.

काकूंना कुठेच चैन पडेना. दुकान लवकर उघडायच्या, लवकर बंद करायच्या. रनर उलटे चढवायच्या. हे दुःख सांगायचं तरी कोणाला? नवरा बरा होतोय म्हणून वाईट वाटतंय, असं म्हटलं तर लोक तोंडात शेण घालतील. वर्ग चालूच ठेवला होता, कारण बंद का करायचा तेही सांगता आलं नसतं. बाईंनी विचारलं, काकांची प्रगती कशी आहे? “उत्तम,” काकू म्हणाल्या, “फार बोलत नाहीत.”

काका काठीने चालायला लागल्यावर थेरपिस्टच्या सांगण्यावरून दुपारी दुकानात येऊन बसू लागले. बोटांना व्यायाम म्हणून काकूंनी त्यांच्यापुढे रनरचा डबा ओतला होता. लहान, मोठे, पितळी, प्लास्टिकचे वेगवेगळे करायचे. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. काकू मशीनवर होत्या. त्यांनी चाक हाताने थांबवलं आणि एकदम विचारलं, “तिकडच्या भाषेत एवढं बोलायचात. मग आपल्यात का नाही बोलत?”

काका रनर चाळत राहिले.

“मी काय विचारतेय? की तिकडची माणसं बरी होती आणि आम्ही—”

“तिकडे,” काका म्हणाले, “मला... येत नव्हतं. धड. चुकायचो.”

“चुकायचात म्हणून बोलायचात? हे काय—”

काकांनी डावा हात वर केला. काकू थांबल्या.

“सगळे हसायचे. मी पण. चुकणाऱ्याला... कोणी धरत नाही. घरी वडील. एक शब्द... की धरलं.” त्यांनी मूठ आवळून दाखवली.

“ते गेले त्याला किती वर्षं झाली. मी तुम्हाला कधी धरलं?”

काकांनी एक पितळी रनर उचलला, ठेवला. “तू नाही धरत. तू... पुरं करतेस.”

“काय पुरं करते?”

“वाक्य.”

काकूंचा पाय पायट्यावर थांबला.

“त्या भाषेत,” काका म्हणाले, आणि आता त्यांच्या कपाळावर घाम आला होता, “तुला कळायचं नाही. म्हणून... थांबायचीस. बघत. माझ्या तोंडाकडे.”

इतकं लांब ते आजारानंतर पहिल्यांदाच बोलले होते, कदाचित त्याआधीही कधी बोलले नव्हते. काकूंच्या जिभेवर उत्तरं रांगेत उभी होती. मी घाई केली नसती तर घर चाललं असतं का, तुम्ही स्वतःहून कधी सुरुवात केलीत का, माझं वाक्य कोणी कधी ऐकलं का. एक बाई तुटकी सुटकेस घेऊन आली म्हणून ती उत्तरं तशीच राहिली. काकूंनी सुटकेस उघडली. बाई सांगत होती, विमानतळावर कशी, कुठे, कोणी आपटली. काकूंनी मध्ये तोंड घातलं नाही. बाई बोलायची थांबली तरी त्या गप्पच, तेव्हा बाईच गोंधळली. “होईल ना हो दुरुस्त?”

“होईल,” काकू म्हणाल्या.

आपल्या भाषेत थांबणं फार अवघड निघालं. फ्रेंचमध्ये इलाजच नव्हता. इथे पुढचा शब्द दिसत असायचा, ओठांवर आलेला असायचा, आणि तो गिळून बसायचं. काकूंना ते खाजेसारखं व्हायचं. कधी जमायचं, बरेचदा नाही. मध्येच बोलून जायच्या आणि काका हातातलं काम खाली ठेवून खिडकीकडे बघायला लागायचे. मग काकू स्वतःला तो भटारखान्यातला शब्द हासडायच्या, आणि क्वचित काकांच्या ओठाचा चांगला कोपरा हलायचा.

कपड्यांची शिलाई त्यांनी घेणं बंद केलं. नुसत्या झिपा आणि बॅगा. मुलीने विचारलं तेव्हा म्हणाल्या, “मला आवडत नाही,” आणि मुलगी “पण आई, तू तर—” म्हणाली तेव्हा तिचं पुढचं त्यांनी ऐकून घेतलं. मत बदललं नाही. फ्रेंचच्या पहिल्या पातळीच्या परीक्षेत तोंडी भागात त्या नापास झाल्या. परीक्षक विचारत होता तोवर त्यांनी उत्तर देऊन टाकलं होतं, तेही दुसऱ्याच प्रश्नाचं. पुन्हा बसायचं ठरलंय.

परवा सकाळी काका दारात उभे राहून म्हणाले, “मला...”

काकू पर्स खांद्याला लावून निघाल्या होत्या. बस चुकणार होती. चहा, हे त्यांना दिसत होतं. चहा हवाय. नाहीतर गोळी. त्यांनी दाराची कडी घट्ट धरली.

“मला... त्या...”

बस खाली वळणावर हॉर्न वाजवून गेली.

“कांदे आण,” काका म्हणाले. “येताना. सूप करतो.”

काकूंच्या अंदाजात यातलं काहीच नव्हतं. त्या जिन्यावर उभ्या राहिल्या. मग विचारलं, “किती आणू?” आणि काका विचार करत होते तेवढा वेळ पर्सची झिप वर-खाली, वर-खाली करत राहिल्या.